भाजकाचा शोध : वाशिम, बार्शी आणि कर्करोगाच्या मोजणीचा इतिहास

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. येथील विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो : राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलेल्या एका गावाची ती नोंद. कोणाला काय दिले, कोणत्या करांतून सूट मिळाली, हे तांब्यावर कोरून ठेवले गेले. त्या गावात माणसे कशाने मेली, हे लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. राज्य ज्याला मोल देते, त्याचीच नोंद राहते. आजचा धागा आहे तो एका रोगाची नोंद महाराष्ट्रात कशी सुरू झाली, आणि ती वाशिमपर्यंत कितपत पोहोचली, याविषयी.

हा रोग नवा नाही. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ येते : हळूहळू वाढणारी, खोल मूळ असलेली, न पिकणारी गाठ. ‘कर्करोग’ हा शब्द मात्र अर्वाचीन आहे. ग्रीक वैद्यांनी गाठीभोवती पसरलेल्या शिरांना खेकड्याच्या नांग्यांची उपमा दिली. त्या खेकड्याचे संस्कृत नाव घेऊन आपण हा शब्द घडवला. गावात अजूनही कोणी तो सहसा उच्चारत नाही. ‘गाठीचा आजार’ म्हणतात, किंवा आवाज खाली आणून ‘कॅन्सर’.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. वाशिम इंग्रजी दप्तरात ‘बासिम’ झाले. बासिमचा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचे तालुके शेजारच्या जिल्ह्यांत विलीन झाले. याच काळात जन्ममृत्यूची नोंद सुरू झाली आणि वऱ्हाडात ती गावच्या पाटलाच्या गळ्यात पडली. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजके होते : पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि ‘इतर’. गालाच्या आतल्या जखमेमुळे ज्याचे तोंड उघडेनासे झाले, अन्न तुटले आणि जो अखेरीस ग्लानीत गेला, त्याला पाटील कोणत्या रकान्यात घालणार? बहुधा तापाच्या. वसाहतकाळातील ‘ताप’ हा रकाना म्हणजे अज्ञानाची कोठीच होती.

या कोऱ्या जागेतून एक सिद्धान्त जन्मला. उष्ण प्रदेशातील, साधे अन्न खाणाऱ्या ‘नेटिव’ लोकांना कर्करोग क्वचितच होतो. तो सुधारलेल्या समाजाचा रोग आहे, असे अनेक युरोपीय डॉक्टरांना वाटे. १९०२ मध्ये मद्रासच्या निब्लॉक यांनी रुग्णालयाच्या नोंदींवरून दाखवले की गालाचा कर्करोग तेथे मुबलक आहे. तीसच्या दशकात विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी देशभरच्या रुग्णालयांची व शवविच्छेदनांची आकडेवारी गोळा केली. कर्करोग मुख्यतः उतारवयाचा रोग. ज्या देशात विसाव्या शतकाच्या आरंभी सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आतबाहेर होते, तेथे तो कमी दिसणे म्हणजे लोकांना त्यापासून संरक्षण असणे नव्हे. पटकी, प्लेग आणि दुष्काळ माणसाला त्या वयापर्यंत पोहोचूच देत नव्हते.

येथून कथा मुंबईला जाते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गव्हर्नर सर रॉजर लमली यांनी त्याचे उद्घाटन केले. रुग्णालयाची कथा बहुतेकांना माहीत असते. तेथील प्रयोगशाळेत बसलेल्या मराठी माणसाची माहीत नसते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. आजार झालेल्या पेशींचा अभ्यास हे त्यांचे क्षेत्र. पण त्यांचे लक्ष सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीवर जेवढे, तेवढेच त्या पेशीच्या मालकाच्या सवयींवर असे.

१९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता लोकरीती आणि कर्करोग. त्यात भारतातील तीन नवे प्रकार वर्णिले होते. एक ‘धोतराचा कर्करोग’ : कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराच्या काठाखाली, कातडी घासून घासून होणारा. दुसरा, खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मध्ये खैनी दाबून ठेवणाऱ्यांचा. तिसरा, चुट्टा पेटत्या टोकाने तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा. वर्गवारीपेक्षा महत्त्वाचा आहे त्यामागचा विचार : रोग शरीराच्या नेमक्या त्या जागी होतो जिथे सवय बसलेली असते. मग रोगाचा इतिहास शोधायचा तर वस्त्राचा, पानाचा, तंबाखूचा इतिहासही शोधावा लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगायला नको.

१९५५ मध्ये सांघवी, राव आणि खानोलकर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. सिगारेट व फुप्फुसाच्या कर्करोगावर डॉल आणि हिल यांचे काम इंग्लंडमध्ये गाजत होते, तोच हा काळ. जग धुराकडे पाहत होते. मुंबईत काही जण चंचीकडे पाहत होते. त्याच सुमारास, १९५३ मध्ये, मुंबईचे डॉ. जोशी यांनी तोंडातील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होण्याच्या विकाराचे वर्णन केले. आज आपण त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो आणि त्याचे मूळ सुपारीत आहे हे जाणतो. तेव्हा तो प्रौढांचा, तुरळक आढळणारा विकार होता. पुडीतली सुपारी शाळेच्या कोपऱ्यावर मिळू लागेपर्यंत अजून काही दशके जायची होती.

तरीही एक उणीव राहिलीच. रुग्णालय आपल्या दारात आलेल्यांना मोजते. दारात न आलेले किती, हे त्याला कळत नाही. शंभर रुग्णांत चाळीस तोंडाच्या कर्करोगाचे निघाले, तर त्यावरून त्या शहरात तो किती होतो हे सांगता येत नाही. कारण अंश हाती असतो, भाजक नसतो. भाजक मिळवायचा तर एक भूभाग निश्चित करावा लागतो, तेथील लोकसंख्या वयानुसार ठाऊक असावी लागते, आणि त्या भागातील प्रत्येक नवा रुग्ण सर्व दवाखाने, प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदी धुंडाळून शोधावा लागतो. एकच रुग्ण तीन ठिकाणी गेला असेल तर तो तीनदा मोजला जाऊ नये, हेही पाहावे लागते. कंटाळवाणे, चिकाटीचे, कारकुनी काम. भारतात ते पहिल्यांदा १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाले. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी स्थापलेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीची ही ‘बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री’. याच मोजणीतून पुढे दिसले की पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर मुंबईकर स्त्रियांपेक्षा लक्षणीय जास्त आहे. शहर एकच, हवा एकच; पण विवाहाचे वय, अपत्यांची संख्या आणि वंशपरंपरा वेगळी.

सत्तरच्या दशकात पुणे व औरंगाबाद आणि १९८० मध्ये नागपूर येथे तशाच नोंदण्या सुरू झाल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस आला. ही सगळी शहरे. खेड्याचे काय?

खेड्याकडे पहिले मोठे पाऊल दंतवैद्यांनी टाकले होते. डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे घरोघर जाऊन तपासली. १९७२ साली त्याचा अहवाल छापला गेला. एक लाखाहून अधिक माणसांना ‘आ’ करायला लावणे! त्या वेळच्या रस्त्यांचा विचार केला तर हे काम किती मोठे होते ते ध्यानात येते. मशेरी, तंबाखू-चुना, विडी यांच्या सवयी आणि तोंडातील पांढरे चट्टे यांचा संबंध प्रत्यक्ष गावात, रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, प्रथमच एवढ्या प्रमाणावर तपासला गेला.

आणि मग बार्शी. सोलापूर जिल्ह्यातील हे बाजारपेठेचे गाव, भगवंताचे देऊळ असलेले. येथे डॉ. भ. म. नेने यांच्या पुढाकाराने नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोग रुग्णालय उभे राहिले होते. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी येथे सुरू झाली. मुंबईची पद्धत इथे चालणार नव्हती. मुंबईत मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरची सही असते. बार्शीच्या खेड्यात मृत्यू घरी होतो आणि कारण विचारले तर ‘म्हातारपण’ असे उत्तर मिळते. तेव्हा नोंदणीचे कर्मचारी स्वतः गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक, दाई यांना भेटायचे. न भरणारी जखम, छातीतली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव ही लक्षणे समजावून सांगायची. असे कोणी असेल तर तपासणीला यायला राजी करायचे. आणि काही महिन्यांनी पुन्हा जायचे.

येथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. नोंदणीचे काम मोजण्याचे, उपचाराचे नव्हे. पण मोजणारे वारंवार येऊन बोलू लागल्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. कस्तुरी जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे आकड्यांनिशी प्रसिद्ध केले. कोणतेही महागडे यंत्र त्यासाठी आले नव्हते. मोजमाप करणारा माणूस मोजली जाणारी गोष्टच बदलतो, हे समाजशास्त्राच्या वर्गात दोष म्हणून शिकवले जाते. बार्शीत ते अनेकींच्या जिवावरचे संकट टाळणारे ठरले.

याच माणसांच्या आणि टाटा मेमोरियलच्या जोरावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ मध्ये एक प्रचंड प्रयोग सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे चार गटांत वाटलेले. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची पॅप चाचणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथा गट तुलनेचा : त्यातील स्त्रियांना माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळे, तपासणी नाही. निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आयुष्यात फक्त एकदा झालेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात (३४,१२६ स्त्रिया) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू. तुलनेच्या गटात (३१,४८८ स्त्रिया) ६४. मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्मे. बाकी दोन पद्धतींनी या प्रयोगात तशी ठळक घट दाखवली नाही. एचपीव्ही चाचणीला आज जगभर जे स्थान आहे, त्यामागे मराठवाड्यातील या गावांचा मोठा वाटा आहे. या गावांतील बाईने दिलेला नमुना जिनिव्हातील धोरणाचा आधार झाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

पण ते ६४ मृत्यू? पॅप चाचणी उपयोगी आहे हे श्रीमंत देशांत दशकानुदशके सिद्ध झालेले असताना एका गटाला काहीच न देणे योग्य होते का, असा सवाल एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरने उचलून धरला. प्रयोगकर्त्यांचे उत्तर असे की भारतातील नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणेच होते; प्रयोगाने कोणाकडून काही हिरावले नाही, आणि या परिस्थितीत काय चालेल हे जाणल्याशिवाय सरकार काही सुरू करणार नव्हते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र ‘नेहमीची सेवा’ या शब्दप्रयोगाकडे नीट पाहावे. ते ६४ मृत्यू प्रयोगाच्या कागदावर आले म्हणून वाद झाला. ज्या जिल्ह्यांत प्रयोगच नव्हता, तेथे सगळ्याच स्त्रिया त्या चौथ्या गटात होत्या, आणि तेथील मृत्यू कोणी मोजले नाहीत. वाशिम त्यांपैकीच एक.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी केलेल्या दुसऱ्या प्रयोगात १,५१,५३८ स्त्रिया होत्या. तेथे दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी ॲसिटिक आम्लाची पाहणी केली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकदाच केलेली पाहणी आणि वारंवार केलेली पाहणी यांत हा फरक पडतो.

आता एक कोडे. राष्ट्रीय नोंदणीच्या २०२० च्या अहवालात पुरुषांमधील कर्करोगाचा वयानुसार समायोजित दर ऐझॉलमध्ये लाखामागे २६९.४ होता, सर्वांत कमी, ३९.५, उस्मानाबाद-बीडमध्ये. स्त्रियांतही याच दोन जिल्ह्यांचा ४९.४ हा दर तळाशी. वयाचा फरक हिशेबात घेतलेला आहे, म्हणजे ‘तरुण लोकसंख्या’ हे कारण चालत नाही. मग मराठवाड्याचा शेतकरी खरेच एवढा सुरक्षित आहे की निब्लॉकपूर्व डॉक्टरांची चूक पुन्हा होत आहे? काही अंशी दर खरा कमी असावा : लवकर बाळंतपण, दीर्घ स्तनपान, कमी स्थूलता, सिगारेटचे कमी प्रमाण. पण ज्याचे निदानच झाले नाही तो कोणत्याही नोंदणीत येत नाही, आणि निदान हे डॉक्टर, बायोप्सी आणि एसटीचे तिकीट यांवर अवलंबून असते. दर कमी असूनही मृत्यूचा धोका कमी असतोच असे नाही. देशातील अकरा नोंदण्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांचे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ६६.४ टक्के आढळले. रोग शरीरभर पसरल्यावर सापडला की हा आकडा कोसळतो. जगणे-मरणे बव्हंशी ठरते ते रोग कधी सापडला यावर.

प्रतिबंधाचा इतिहास न्यायालयांतूनही जातो. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून गुटखा बंद केला. २००४ मध्ये गोडावत पान मसाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तसा अधिकार नाही म्हणून ती बंदी रद्द केली. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आल्यावर, जुलै २०१२ मध्ये, राज्याने पुन्हा बंदी आणली. ती दरवर्षी नव्याने काढली जाते, आणि पुडीही दरवर्षी नव्या नावाने येते. सुपारी एका पाकिटात, तंबाखू दुसऱ्या. विदर्भात तर पन्नीवर घोटून दिला जाणारा खर्रा आहे, ज्याला कारखानाही लागत नाही. तरी काहीच बदलले नाही असे म्हणता येणार नाही : जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण पहिल्या फेरीतील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. तो कमी झालेला वापर रुग्णालयांत दिसायला वीस वर्षे लागतील. दुसऱ्या बाजूला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध लस आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ २०२३ मध्ये बाजारात उतरली.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम पुन्हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६०. २०१० मध्ये केंद्राने कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा देशातील पहिल्या शंभर जिल्ह्यांत वाशिम होते. कागदावर आरंभ लवकर झाला. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात संपूर्ण देशात ३० ते ४९ वयाच्या अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतली होती. उस्मानाबादच्या निष्कर्षानंतर दहा वर्षांनी. ज्ञान येथे जन्मले, आणि येथेच ते वापरात आले नाही. उपचारखर्चाची बाजू थोडी बरी : २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना पुढच्या वर्षी वाशिमसह सर्वत्र लागू झाली, आता ती महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले.

मोजणीचे मात्र असे आहे. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातील एखाद्या बाईला गाठ लागते. ती अकोल्याला जाते, तेथून नागपूरला. नागपूरच्या रुग्णालयाच्या रजिस्टरात तिचे नाव, वय आणि ‘जि. वाशिम’ हा पत्ता लिहिला जातो. नागपूरच्या लोकसंख्याधारित नोंदणीत ती येत नाही, कारण तेथे नोंद होण्यासाठी त्या भागात किमान एक वर्षाचे वास्तव्य लागते. ती वाशिमच्या नोंदणीत यायला हवी. २०१२-१६ च्या आकड्यांवर आधारलेल्या त्या राष्ट्रीय अहवालात महाराष्ट्रातील नोंदण्या होत्या मुंबई, पुणे, औरंगाबाद, बार्शी, उस्मानाबाद-बीड, नागपूर आणि वर्धा येथील.